दहावं नाव

ज्या घराच्या कोठीत दोन वर्षांची ज्वारी पडून आहे, त्या घराच्या ओसरीत धर्माचा डबा येऊन बसावा, हे कोणाच्याही घशाखाली उतरणारं नव्हतं. पुष्पांजली वावरातून आली तेव्हा तो डबा सासूच्या खाटेखाली होता. तीन खणांचा, स्टीलचा, राखेनं लख्ख घासलेला. झाकणावर बेलनाथ महाराजांचा फोटो चिकटवलेला आणि त्याखाली निळ्या अक्षरांत लिहिलेलं: वच्छलाबाई किसनराव, निराधार, क्रमांक दहा.

पुष्पांजलीनं ते दोनदा वाचलं. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं उतरवायचंही तिला सुचलं नाही.

"आत्याबाई, हे काय हाय?"

वच्छलाबाई खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. "डबा हाय. संस्थानवाले देऊन गेले."

"काऊन देतात?"

"म्हाताऱ्यांले देतात, दुपारचं. सरकारचा हाय थो. संस्थान फक्त शिजवते."

"अन् म्या टोपल्यात भाकर ठेवली व्हती थे?"

"हाय ना टोपल्यात."

पुष्पांजलीनं टोपलं उघडलं. पहाटे उठून थापलेल्या दोन भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं ते परत झाकलं, गाठोडं उतरवलं आणि काही न बोलता चुलीपुढं बसली. तिचं न बोलणं घरात सगळ्यांना ओळखू यायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस येऊन गेला होता. फुटलेली बोंडं भिजली, कापूस झाडावरच पिवळा पडू लागला, आणि सगळ्या गावाला एकदम वेचणीची घाई सुटली. मजूर मिळेनात. ज्ञानेश्वर आणि पुष्पांजली दिवस उगवायला वावरात जात, दिवस मावळताना परत येत. मुलगी प्रतीक्षा मोताळ्याला कॉलेजात. सुट्टीच्या दिवशी तीही ओटी बांधून सरीत उतरायची. बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी फाटलेली. घरी फक्त म्हातारी, कारण तिचे गुडघे गेले होते. सकाळी तिच्याजवळ पाण्याचा गडू आणि टोपलं ठेवलं की घर दिवसभर तिच्या स्वाधीन. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावातली निम्मी घरं अशीच चालत होती.

संध्याकाळी ज्ञानेश्वरनं डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"माय, तुह्यं नाव कोणं देल्लं?"

"म्याच देल्लं."

"निराधार कोणाले म्हणतात माईत हाय ना? ज्याचं कोणी नाही त्याले."

"मले कुठी वाचता येते," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

माणूस असं तोंड फिरवतो तेव्हा न सांगितलेलं घरातली बाकीची माणसं आपापल्या मनानं भरून काढतात. पुष्पांजलीनं भरलं की सासू गावभर आपली गाऱ्हाणी सांगत असणार. ज्ञानेश्वरच्या मनात वेगळंच आलं, पण त्याला शब्द सापडले दुसऱ्या दिवशी, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

महादेवरावांचं वावर त्याच्या बांधाला लागून होतं. चाळीस एकरांचे धनी, पण लोकांच्या घरातलं काढल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. बांधावर उभे राहून ते म्हणाले, "काय बे ज्ञानेश्वर, बुढीले डबा लावला म्हणे."

"म्या नाही लावला."

"मंग आपल्या मनानं आला काय?" महादेवरावांनी सुपारी कातरली. "पाह्य, सरकार कोणाले फुकट देत नाही, अन् महाराज तं त्याहून देत नाही. तिकडं घाटावर एका बुढ्याले असाच डबा चालू केला व्हता. वर्षानं बुढा संस्थानात राह्याले गेला. मेला तं तीन एकर संस्थानच्या नावावर निंघालं. पोरं बसली टाळ्या वाजवत."

"खरं काय?"

"लोकं म्हणतात बा. तुह्ये विहिरीजवळचे दोन एकर बुढीच्याच नावावर हायेत ना अजून?"

होते. किसनराव वारले तेव्हा चार एकरांतले दोन मायच्या नावावर चढले होते. आज करू, उद्या करू म्हणत ते तसेच राहिले होते. ज्ञानेश्वर पुन्हा सरीत उतरला. पण त्यानंतर दिवसभर त्याचा हात बोंडावर आणि मन विहिरीवर होतं. संध्याकाळी पुष्पांजलीच्या ओटीत त्याच्यापेक्षा दुप्पट कापूस निघाला.

तिसऱ्या दिवशी मोटारीचा पाइप फुटल्याचं सांगून तो दुपारी घरी थांबला आणि मागच्या दारानं जाऊन सोजराबाईच्या घराच्या कोपऱ्याशी उभा राहिला. स्वतःच्या मायवर पाळत ठेवायला निघालेला माणूस जसा दिसतो तसाच तो दिसत होता, पण पाहायला कोणी नव्हतं.

सोजराबाई शेजारची. मूल ना बाळ, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. तिचे दोन्ही हात इतके थरथरत की गेल्या उन्हाळ्यात चुलीवरचं आधण मांडीवर घेऊन ती महिनाभर पडून होती. डब्याची गाडी तिच्याच ओट्यापाशी थांबायची. साडेबाराला ती आली. पांढरा सदरा, गळ्यात भगवा गमछा घातलेला एक तरुण उतरला. तो कुलदीप, संस्थानचा सेवेकरी. त्यानं दहाही म्हाताऱ्या माणसांना ओळीनं बसवलं, एकेकाचा अंगठा मशीनवर घेतला आणि मग हात जोडून म्हणाला, "बोला, बेलनाथ महाराज की..."

"जय," म्हातारी माणसं म्हणाली. भुकेल्या माणसाच्या तोंडून निघतो तसा तो जयजयकार होता.

"आजी, घास वर घ्या. इकडं पाहा," म्हणत कुलदीपनं मोबाइलवर फोटो काढले आणि मगच जेवणं सुरू झाली. वरणभात होता. वाफ निघत होती. ज्ञानेश्वरनं पाहिलं, मायनं वरण भातात कालवलं, बोळक्या तोंडानं एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. शेवटी तिनं वाटीला बोट लावून वरण पुसून घेतलं. घरी ती अशी कधी जेवली होती, हे त्याला आठवेना. त्याला मनातून झोंबलं, आणि झोंबल्याबरोबर राग आला.

तो कोपऱ्यातून पुढं आला. "या बाईचा पोरगा हाय मी. जित्ता हाय."

कुलदीपनं नमस्कार केला. "रामराम भाऊ. बसा ना."

"तो फॉर्म दाखव, माह्या मायचा."

कुलदीपनं कुरकुर न करता दाखवला. आधारचा नंबर, वय, आजार. खाली एक रकाना: स्वतःच्या नावे जमीन. त्यात लिहिलेलं: दोन एकर, विहीर आहे.

"जेवणाच्या फॉर्मवर विहीर कशाले?"

"वरून आलेला फॉर्म हाय भाऊ. आमी फक्त भरतो."

"वर म्हणजे कुठी? सरकारात का संस्थानात?"

कुलदीप गोड हसला. "आता दोघंही एकाच कामात हायेत ना."

"अन् पोरगा असून निराधार कशी लिहिली?"

"आजीनंच सांगतलं, दिवसभर घरी कोणी नसते म्हणून. नाव काढाचं असन तं अर्ज द्या. मोताळ्याहून मॅडम येतात, चौकशी करतात."

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच ज्ञानेश्वरचा संशय आणखी वाढला. मायनं मान वर केली नाही. सोजराबाई मात्र डबा पदराआड घेऊन भिंतीला सरकली.

तरीही त्यानं अर्ज चार दिवस टाळला असता. पण मधे मोताळ्याचा बाजार आला. फवाऱ्याचं नोझल घ्यायला तो गेला आणि बसस्टँडच्या तोंडाशी त्याला माय दिसली. फ्लेक्सवर. दारापेक्षा मोठी. तोंड उघडं, घास वर धरलेला, पांढरे केस विस्कटलेले. वर एका बाजूला महाराज, दुसऱ्या बाजूला सरकारी शिक्का आणि मधे ठळक अक्षरं: ज्यांचे कोणी नाही, त्यांचे आम्ही.

दुकानातला ओळखीचा रवी चहा घेऊन बाहेर आला होता. तो म्हणाला, "ज्ञानेश्वरभाऊ, ही तुमच्या मायसारखी दिसते."

"दिसत असन," ज्ञानेश्वर म्हणाला.

नोझल न घेताच तो घरी आला. बसमध्ये त्याला सारखं वाटत होतं की सगळे आपल्याकडंच पाहत आहेत. त्यानं प्रतीक्षाला कागद घेऊन बसवलं. "लिही. माझी आई निराधार नाही. मी तिले दोन्ही टाइम जेवण देतो. तिचं नाव कमी करावं."

खाटेवरून म्हातारी पहिल्यांदा आपणहून बोलली. "नोको लिहू, पोरी."

"काऊन नोको?"

"दहा नावं पाह्यजे व्हती. नऊच भरली. दहा नाही झाली तं गाडी गावात येत नाही म्हणे थो डब्याचा पोरगा. सोजराचं नाव व्हतं त्याच्यात. मंग म्या म्हटलं, लिही माह्यं." तिनं गुडघा दाबला. "शाळा बंद पडून राह्यली व्हती तवा सगळ्या गावानं पटावर नावं नाही देल्ली काय? नांदुऱ्याले राह्यणाऱ्या भाचीचं नाव तूच देल्लं व्हतं."

ते खरं होतं. नाव देणं म्हणजे गावात हातउसनी भाजी देण्यासारखं होतं. शाळेचा पट असो, भजनी मंडळ असो, बचत गट असो, आकडा कमी पडला की कोणीतरी आपलं नाव घालायचं. त्याचं पुढं काय होतं हे विचारायची रीत नव्हती.

"सोजराचं एवढं असन तं आपल्या घरची भाकर द्याची व्हती तिले."

"देत व्हतो ना," म्हातारी म्हणाली. "तुह्या बायकोले इचार काऊन बंद झाली थे."

चुलीपाशी पुष्पांजलीचा हात थांबला. मागच्या हिवाळ्यात नळावर ती चार बायकांत बोलून गेली होती, आमच्या घरी तं खानावळच उघडली बुढीनं. सोजराबाई मागंच हंडा घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं भाकर घेतली नाही. सरकारचा डबा मात्र ती घेत होती, कारण सरकारला सून नसते.

"म्या सहज बोलली व्हती," पुष्पांजली म्हणाली.

"ही अन् सोजरा मिळून काही सांगतीन अन् आपण आयकाचं," ज्ञानेश्वर म्हणाला. "म्या डोळ्यानं पाह्यलं हिले. सोजरासाठी म्हणते, अन् बोटं चाटून खात व्हती. मंग विहीर काऊन लिहाले लावली? तू लिही, प्रतीक्षा."

"बाबा, आजी खरं..."

"लिही म्हटलं ना."

प्रतीक्षानं लिहिलं. म्हातारी पुन्हा काही बोलली नाही.

मॅडम मंगळवारी आल्या. मारुतीच्या पारावर खुर्ची टाकली होती. मॅडम तालुक्याच्या कचेरीतल्या, उन्हानं आणि रस्त्यानं दमलेल्या, पण बोलायला सरळ. गाव जमलं, कारण गावाला जमायला यापेक्षा चांगलं कारण वर्षातून एखाद्या वेळी मिळतं. महादेवराव पुढंच होते. दहाही म्हातारी माणसं पाराला टेकून बसली होती. पुष्पांजली डोक्यावर टोपलं घेऊन आली होती. ज्वारीची मऊ भाकर, तुरीचं वरण, तांब्याभर दूध, सगळं मॅडमना दाखवायला. ती दिवसभराची वेचणी टाकून आली होती.

मॅडमनी अर्ज वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे बघा, मुलगा सांभाळत असेल तर आजींचं नाव कमी होईल. मग गावात नऊ राहतात, आणि नऊवर गाडी चालवायला मंजुरी नाही. आणि मुलगा सांभाळत नसेल तर नाव राहील, पण त्याला वरून नोटीस जाईल. कायदा आहे तसा. आजींनी काय ते खरं सांगावं."

"रोज दोन डबे गाडीत उरतातच, मॅडम, मंग नवांवरच येऊ द्या ना गाडी," मागून एक म्हातारा म्हणाला. कुलदीपनं फक्त मान हलवली. नियम त्याच्याही हातात नव्हता.

मॅडम पुढं वाकल्या. "आजी, मुलगा जेवायला देतो का?"

ज्ञानेश्वर हाताची घडी घालून उभा होता. त्याला उत्तर माहीत होतं. पुष्पांजलीनं टोपल्यावरचं फडकं काढलं होतं आणि भाकरीचा वास पाराभर सुटला होता. सोजराबाई रांगेच्या टोकाला होती. तिनं आपला रिकामा डबा दोन्ही हातांनी मांडीत दाबून धरला होता, तरी त्याचं झाकण वाजत होतं. ती हळूच म्हणाली, "देते हो मॅडम. सोन्यासारखा पोरगा हाय तिचा."

वच्छलाबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"नाही देत," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"पोरगा जेवाले देत नाही. माह्यं नाव राहू द्या."

महादेवराव खाकरले. कोणीतरी 'अरे रामा' म्हणालं. ज्ञानेश्वरनं हाताची घडी सोडली. पुष्पांजलीनं टोपल्यावर फडकं घालायचा प्रयत्न केला, तिला ते नीट घालता येईना. मॅडमनी तिच्या टोपल्यातल्या भाकरीकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं, त्यांना काहीतरी कळलं असावं. पण सांगितलेलं लिहिणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी लिहिलं, म्हातारीचा अंगठा घेतला आणि त्या निघून गेल्या. दहा नावं राहिली. गाडी राहिली.

दिवस मावळला तेव्हा घरात कोणी दिवा लावायलाही उठत नव्हतं. शेवटी पुष्पांजली उठली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण तिनं रोजच्यासारखी सासूची भाकर वरणात कुस्करली आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. इतकं होऊनही ताट ठेवलं, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

वच्छलाबाईनं दोन घास खाल्ले. ज्ञानेश्वर समोर येऊन बसला.

"काऊन बोलली माय तसं? माह्यं तोंड राह्यलं काय गावात?"

म्हातारीचा आवाज पहिल्यांदा ओला झाला. "बापू, तुले लोकं चार दिवस नावं ठेवतीन अन् पाचव्या दिवशी इसरतीन. सोजरा बाजूच्या घरात भुकी पडली असती तं मले भिंतीतून आयकू आलं असतं. मले तुह्याशिवाय कोण हाय? तुह्यं नाव खराब केलं कारण थेच एक माह्याजवळ व्हतं."

माय खरं बोलत होती हे ज्ञानेश्वरला कळलं, आणि एवढ्यावर तो गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं. त्याचा हात मायच्या पायाकडं गेलाही होता. पण पंधरा दिवस पोसलेला संशय असा एका वाक्यानं घर सोडत नाही.

"ठीक हाय," तो म्हणाला. "फक्त एक सांग. त्या वावराच्या कागदावर कुठी अंगठा तं नाही ना देल्ला?"

म्हातारीचा घास तोंडाजवळ थांबला. तिनं मुलाकडं नीट पाहिलं, अनोळखी माणूस दारात आला की पाहतात तसं. मग घास ताटात परत ठेवला, गडू उचलला आणि अर्ध्या ताटात हात धुतला.

"माय, जेव ना. मी सहज इचारलं."

"पोट भरलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा आला. वच्छलाबाईनं निम्मा दुपारी खाल्ला आणि निम्मा झाकून खाटेखाली ठेवला. संध्याकाळी पुष्पांजलीनं ताट आणलं तेव्हा तिनं तो काढला आणि गार वरणभात खाल्ला. पुष्पांजलीनं दूधभाकर केली, शिरा केला, एकदा पाय धरले. सुनेवर तिचा राग नव्हता, तिच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. पण ताटाला हात लावला नाही. वेचणी संपत आली, कपाशीच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या, गावानं खरोखर दुसरा विषय धरला. ज्ञानेश्वरशी ती बोलायची, पाणी आलं का, बैलाचा पाय कसा आहे. जेवण्याचं नाव निघालं की म्हणायची, "जेवलो बापू."

अकराव्या दिवशी नोटीस आली. आपण आपल्या आईला जेवण देता किंवा नाही, याचा खुलासा सात दिवसांत लेखी करावा. ज्ञानेश्वरनं प्रतीक्षाला हाक मारली. ती कागद-पेन घेऊन ओसरीत बसली.

"काय लिहू, बाबा?"

तो सांगायला गेला आणि थांबला. खाटेवर माय कालवलेला गार भात बोटांनी मोकळा करत होती. भात सुकून गोळे झाले होते, ते तिला चावत नव्हते. ती एकेक गोळा पाण्यात बुडवून तोंडात टाकत होती. चुलीपाशी तिच्या वाटची गरम भाकर टोपल्यात तशीच होती.

"बाबा, देतो लिहू ना?"

"नाही," तो म्हणाला. "जे हाय थे लिही."

प्रतीक्षानं आजीकडं पाहिलं, मग बापाकडं, आणि लिहिलं: देत नाही. त्यानं खाली सही केली.